ओलं फडकं आणि दीर्घ श्वास

माणूस सकाळी उठल्या उठल्या कशाला हात लावतो ते मला सांगा, मी तुम्हाला अख्खा माणूस उलगडून दाखवतो! मोहोपाड्याच्या आमच्या कॉलनीत या शास्त्रात माझा हात धरणारा कुणी नाही. आमची दर्शना डोळे पुरते उघडायच्या आधी पीठ फुगलं का ते बघते. तळमजल्यावरच्या गौराबाई नळाला हात लावतात. शेजारचा किशोर स्वतःच्याच दंडाला लावतो, रात्रीतून बारीक झाला नाही ना म्हणून! आणि मी? मी पांघरुणाला हात घालतो आणि ते डोक्यावर ओढून घेतो.

इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नव्हतं. पण कळंबहून सासरे राहायला आले आणि माझी अब्रू पणाला लागली. बुधाजीमामा म्हणजे कोंबड्याला हाक मारून उठवणारा माणूस! पहिल्याच दिवशी मी जांभया देत बाहेर आलो, तर हे मिश्री लावून, अंघोळ उरकून, पेपर संपवून बसलेले.

"जयभीम, मामा!"

"जयभीम, जावयबापू! न्याहारी करताय, का एकदम दुपारचं जेवानच?"

दर्शना खुदकन हसली. बायकोने सासऱ्याच्या विनोदाला हसावं, यासारखं दुःख नाही! तिथल्या तिथे ठरवलं, पहाटे उठायचं. मामांच्या तोंडून एकदा तरी 'जावई उठतो हां लवकर' असं ऐकायचंच!

नुसतं उठायचं तरी कशाला? कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'उद्यापासून पहाटे मैदानात प्राणायाम. मी शिकवेन. पुढे जायची इच्छा असणाऱ्यांनी यावं.' उत्तरादाखल किशोरचा एक अंगठा आला. थोड्या वेळाने तोही त्याने काढून घेतला.

आता प्रश्न गजराचा. साधा गजर मला अंगाईसारखा वाटतो. मग आठवला आमच्या केमिकल कंपनीचा भोंगा! कामाच्या पाळीचा नव्हे हां, तो बिचारा एकदाच कण्हतो. दुसरा, गॅसगळतीचा! वरखाली होत लांबलचक रडणारा. तो वाजला की शेगडी बंद करायची, ओलं फडकं नाकाला लावायचं आणि मैदानात जमायचं, हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही पाठ आहे. मागच्या सरावाच्या वेळी मी तो मोबाइलवर रेकॉर्ड केला होता. तोच गजराला लावला, मोबाइल उशीखाली सरकवला आणि आवाज कमी पडू नये म्हणून त्याला जोडलेला मोठा स्पीकर खिडकीत ठेवला. मग निश्चिंत झोपलो.

जाग आली ती शांततेने! आमच्या घरात शांतता म्हणजे काहीतरी गडबड. बघतो तर दर्शना नाही, मामा नाहीत, दार सताड उघडं. बाहेर नुकतं उजाडत होतं. म्हणजे गजर व्हायच्या आधीच मी उठलो होतो! अंगावर मूठभर मांस चढलं. तसाच बनियनवर मैदानाकडे निघालो.

आणि काय सांगू! अख्खी कॉलनी मैदानात! माझ्या एका मेसेजवर! शिवाय प्रत्येकाने ओल्या फडक्याने नाक धरलेलं. म्हटलं, लोकांनी तयारीसुद्धा सुरू केली! गौराबाईंच्या कमरेवर भरलेली कळशी होती. किशोरने प्रोटीनचा डबा तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता. रोज नदीपर्यंत चालत जाण्याच्या गोष्टी सांगणारे विलासभाऊ चार पावलांवरून स्कूटर घेऊन आले होते. दर्शनाकडे आंबोळ्यांच्या पिठाचं पातेलं, मामांच्या मुठीत मिश्रीची डबी. मला वाटलं, प्राणायामानंतर नाश्ता ठरलाय.

मी झेंड्याच्या ओट्यावर चढलो. "शाब्बास! आता ती फडकी काढा!"

सगळ्यांनी फडकी आणखी घट्ट दाबली.

"लाजू नका! पोट भरून श्वास घ्या! दीर्घ!"

"अगं बाय! ग्यास डोक्यात गेला रं ह्याच्या!" गौराबाई किंचाळल्या.

"मिलिंददादा, खाली बसा! मला ओळखलंत का? ही बोटं किती?" किशोर डबा टाकून धावला.

"अरे, मी पूर्ण शुद्धीत आहे!"

"समदे असंच म्हनतात!" असं म्हणून, शेजारणीला कधी तांब्याभर पाणी न देणाऱ्या गौराबाईंनी अख्खी कळशी माझ्या डोक्यावर उपडी केली!

मी निथळत उभा. तेवढ्यात भोंगा वाजला. लोक पुन्हा फडकी सावरू लागले. पण आवाज कंपनीकडून येत नव्हता. हळूहळू सगळ्यांच्या माना वळल्या आणि आमच्या खिडकीवर येऊन थांबल्या.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिला भोंगा वेळेवर वाजला होता. तो ऐकून सगळी कॉलनी पळाली होती, आणि मी झोपेतच बटण दाबून त्याला पुढे ढकललं होतं!

मी ओट्यावरूनच हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. आता मार बसणार असं वाटत होतं, तोच दर्शनाला हसू फुटलं. ती पातेलं सांभाळत मटकन खाली बसली. मग गौराबाई, मग किशोर, मग सगळेच! विलासभाऊंनी स्कूटरवरून शेगडी आणली, कुणी चहा ठेवला, आणि उठलोच आहोत तर म्हणून मैदानात आंबोळ्या सुरू झाल्या. एवढी मजेची सकाळ कॉलनीने कधी पाहिली नव्हती. खरंच, मला फार बरं वाटलं.

मामांनी स्वतःच्या हाताने मला आंबोळी वाढली. "जावयबापू, आमच्या कळंबला येका हाकंत आख्खा गाव कंदी उठला नाय. तुमी उठवलात!"

माझी छाती फुगली. तेवढ्यात एक शंका आली आणि मी दर्शनाकडे वळलो.

"काय गं, गॅस सुटला म्हणून पीठ आणलंस, बाबांना आणलंस. मला का नाही आणलंस?"

"अहो, हलवलं की दोनदा! तिसऱ्यांदा हलवणार होते, तर बाबांनीच माझा हात धरला."

मी मामांकडे बघितलं. त्यांनी शांतपणे चहाचा घोट घेतला.

"मीच म्हनलं, ऱ्हाऊ दे गं. जावयाची झोप मोडनं बरं दिसत नाय!"