रबरी बोटीतली हवा कोण नेतं?

दाजींची ओळख दाजींनीच करून द्यावी. दुसऱ्या कुणाला ती जमत नाही, मध्येच हसू येतं.

"नजर घारीची, कान सशाचे, स्मरणशक्ती हत्तीची," असं ते पाहुण्यांना चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत सांगतात. "आणि बुद्धीला तर उपमाच नाही." शेवटचं वाक्य मेहुण्याला मनापासून पटतं. त्या बुद्धीला उपमा शोधण्यात त्याने स्वतः बरीच वर्षं घालवली आहेत.

मेहुणा म्हणजे दाजींच्या बायकोचा, म्हणजे ताईचा, धाकटा भाऊ. वय बेचाळीस, लग्न राहिलेलं, बहिणीच्या घरी वरच्या खोलीत मुक्काम. साहजिकच तो दाजींचा सहाय्यक होता. या पदासाठी त्याने अर्ज केला नव्हता आणि राजीनामा द्यायची सोय नव्हती. दाजी पाणीपुरवठा खात्यात तेहतीस वर्षं व्हॉल्व्ह सांभाळून गेल्या वर्षी निवृत्त झाले, आणि चौथ्या दिवशी दारावर 'खाजगी शोधकार्य' अशी पाटी लागली. पहिली केस शेजारणीच्या हरवलेल्या चपलेची. ती दाजींनी अवघ्या नऊ दिवसांत सोडवली, म्हणजे नवव्या दिवशी शेजारणीने नवी चप्पल आणली.

तेव्हापासून वस्ती त्यांना 'साहेब' म्हणू लागली. मेहुण्यालाही सक्त ताकीद होती. "केस चालू असताना मला दाजी म्हणायचं नाही. दाजी हे घरातलं नातं आहे. गुन्हेगाराला आपली नाती कळता कामा नयेत."

आता केस. मेहुण्याचं सगळं जग साडेतीन मीटरच्या एका रबरी बोटीत मावत होतं. राखाडी रंगाची, तीन कप्प्यांची, पायपंपाने फुगवायची, मागे आठ हॉर्सपॉवरचं इंजिन. तळ्याच्या पलीकडे एक छोटा दवाखाना होता आणि दर बुधवारी नर्सबाईंना तिथे पोचवून संध्याकाळी परत आणायचं काम त्याच्याकडे होतं. वीस मिनिटं जायला, वीस यायला. उरलेला आठवडा तो या चाळीस मिनिटांच्या तयारीत घालवायचा. स्पार्क प्लग पुसून ठेवायचा, पेट्रोलच्या कॅनचं झाकण दोनदा बघायचा, वल्ही मोजायचा, म्हणजे दोन आहेत का ते. लाइफ जॅकेटं पाच होती. चार उन्हात वाळायची, पाचवं सावलीत. पाचवं बाईंचं होतं आणि त्याचा रंग उडालेला त्याला चालणार नव्हता. आठ महिने तो बाईंना एक गोष्ट सांगायचं ठरवत होता. शब्द ओठांवर यायचे आणि नेमका समोरचा काठ यायचा.

या सुखात तीन आठवड्यांपूर्वी माशी शिंकली. संध्याकाळी टणक भरून ठेवलेली बोट सकाळी मऊ पडलेली असायची. एक दिवस नाही, रोज. आणि एक कप्पा नाही, तिन्ही. वेळही अशी की परवान्याची मुदत महिनाअखेर संपत होती आणि नवा नियम कडक होता. तपासनीस मंगळवारी संध्याकाळी येऊन हवा मोजणार, बुधवारी सकाळी परत मोजणार. रात्रीत फार उतरली तर परवाना रद्द, आणि बुधवारची फेरी तीस आसनांच्या लाँचवाल्याकडे. तीस आसनांमध्ये बाई कुठेही बसू शकल्या असत्या, आणि मेहुणा काठावर बसला असता. त्या विचाराने त्याला जेवण जात नव्हतं.

"अन्न टाकू नका," दाजी म्हणाले. "केस मी घेतली आहे." ते ऐकून मेहुण्याची उरलेली भूकही मेली.

दाजींनी घरामागच्या शेडमध्ये येऊन बोटीला तीन प्रदक्षिणा घातल्या. "ही बोट पहिल्यापासून इथेच असते?"

"नाही. आधी धक्क्यावर असायची. उन्हाने रबर करपतं म्हणून तीन आठवड्यांपूर्वी शेडमध्ये आणली."

"आणि हवा कधीपासून उतरते?"

"तीन आठवड्यांपासून."

"योगायोग," असं म्हणून दाजींनी ती ओळ नोंदवहीतून खोडली. "गुन्ह्याला तीन गोष्टी लागतात. हेतू, संधी आणि लाँच. लाँच कुणाकडे आहे?"

लाँचवाला धक्क्यावर डबा उघडून बसला होता. दाजींनी त्याच्याकडे पाच मिनिटं नुसतं रोखून पाहिलं. लाँचवाल्याला वाटलं त्यांना भूक लागली आहे, त्याने डबा पुढे केला.

"लाच," दाजी मेहुण्याच्या कानात पुटपुटले, आणि दोन घास घेतले.

"हवा उतरते म्हणे," लाँचवाला म्हणाला. "साबणाचं पाणी लावून बघितलंत का? भोक असेल तिथे बुडबुडे येतात."

"गुन्हेगार स्वतःहून मदत करतो तेव्हा समजायचं, पाणी मुरतंय," दाजी परत येताना म्हणाले. पण साबणाचं पाणी लावायचं ठरलं. लावायचं ठरवलं दाजींनी, लावलं मेहुण्याने. भर दुपारी त्याने साडेतीन मीटर बोट वीतभर वीतभर स्पंजने भिजवली. शिवण पाहिली, तळ पाहिला, व्हॉल्व्हच्या कडा पाहिल्या. दाजी स्टुलावर बसून, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसे, "डावीकडे, अजून डावीकडे" सांगत होते. बुडबुडा एकही आला नाही. मेहुण्याची कंबर तेवढी धरली.

"भोक नाही, म्हणजे अतिशय बारीक भोक आहे," दाजींनी निष्कर्ष काढला. "दिसणारच नाही इतकं बारीक. सुईचं. आता मला सांगा मेहुणे, आपल्या ओळखीत अशी कोण व्यक्ती आहे जिच्या पिशवीत कायम सुया असतात?"

मेहुण्याच्या हातातला स्पंज पडला. "बाईंचं नाव घ्याल तर याद राखा."

"कायद्यापुढे सगळे समान."

"दाजी, हात जोडतो."

"साहेब म्हणा."

सोमवारी बाई औषधांची खोकी ठेवायला शेडमध्ये आल्या आणि दाजींनी त्यांना त्याच स्टुलावर बसवलं. मेहुणा कोपऱ्यात इंजिनाचं कव्हर पुसत उभा राहिला. ते आधीच स्वच्छ होतं. त्याला पुसायचं होतं ते स्वतःचं अस्तित्व.

"बाई, तुमच्याकडे सुया किती?"

"चाळीसेक असतील, साहेब. तुम्हाला कसली द्यायची आहे?"

दाजी जरा मागे सरकले. इंजेक्शनाला ते घाबरतात, हे घारीच्या वर्णनात येत नाही. "या बोटीला तुम्ही कधी टोचलंय?"

बाईंनी बोटीकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे. त्याचे कान लाल झाले होते. "टोचलं असतं तर साबणाच्या पाण्यात दिसलं असतं, साहेब. आणि टोचल्यावर एकच कप्पा जातो, इथे तिन्ही जातात." त्या उठल्या आणि पदर नीट केला. "एका घरातली तीन माणसं एकाच रात्री आजारी पडली, तर मी माणसं तपासत बसत नाही. त्या घरात काय घडलं ते विचारते."

"सुंदर," त्या गेल्यावर दाजी म्हणाले. "प्रश्न टाळण्याची काय हातोटी आहे." मेहुणा त्यांच्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलला नाही, आणि जेवताना फक्त "मीठ द्या" एवढंच म्हणाला.

दाजींचा शेवटचा सापळा पावडरचा होता. ताईचा पावडरचा नवा डबा त्यांनी शेडच्या फरशीवर रिकामा केला. पाय ठेवील त्याचा ठसा उमटणार. मंगळवारी सकाळी फरशीवर ठसेच ठसे होते, आणि बोट नेहमीसारखी मऊ. दाजींच्या अंगात वारं संचारलं. त्यांनी गुडघ्यांवर बसून भिंग लावलं.

"लिहा. पुरुष. वय साठीच्या पुढे. वजन ऐंशीच्या आसपास, म्हणजे खादाड. डाव्या टाचेवर जास्त भार, चप्पल तिथे झिजलेली. चालण्यात एक प्रकारचा उर्मटपणा."

मेहुण्याने लिहिता लिहिता दाजींच्या डाव्या चपलेकडे पाहिलं. "साहेब, हे ठसे तुमचे आहेत."

दाजींनी पाय उचलून पाहिला. "अर्थात माझे. मी पाहणीला आलो होतो. माझे वगळा."

"तुमचे वगळले तर काहीच उरत नाही."

दाजींनी भिंग खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू आदर उमटला. "म्हणजे तो माझ्याच पावलावर पाऊल ठेवून आला. मेहुणे, आपली गाठ एका असामान्य माणसाशी आहे."

त्या संध्याकाळी तपासनीस आले. अबोल, बारीक अक्षरात लिहिणारा माणूस. त्यांनी यादीप्रमाणे एकेक वस्तू मागितली. वल्ही, नांगराची दोरी, पाणी उपसायचा डबा, ठिगळाचं सामान, चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी. मेहुण्याने सगळं पुढे केलं. "सामान चोख आहे," तपासनीस म्हणाले. मग पंप मारून बोट भरली, काटा लावून तिन्ही कप्पे मोजले, आकडे लिहिले. "थंडीने थोडी उतरतेच. तेवढी चालेल. सकाळी साडेसहाला बघू."

सकाळी साडेसहाला बोट अशी बसली होती की तिच्यावर बसायचीही लाज वाटावी. शेडमध्ये तपासनीस होते, आपली फेरी मिळते का ते बघायला आलेला लाँचवाला होता, औषधांची पिशवी घेऊन बाई होत्या. तपासनीसांनी काटा लावला, पाहिला आणि पेनाचं टोपण काढलं. मेहुणा त्या पेनाकडे बघत राहिला. त्याला एवढंच सुचत होतं, की सावलीत वाळवलेलं जॅकेट आता कुणाला द्यायचं.

"थांबा," दाजी म्हणाले. "मला अजून दोन दिवस द्या. गुन्हेगार टप्प्यात आहे."

तेवढ्यात ताई चहाचा ट्रे घेऊन आली. गेले तीन आठवडे घरात हवेशिवाय विषय नव्हता, पण तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तिने बोटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, रात्री सगळं बंद केलंत ना?"

दाजींना हा प्रश्न अपमानास्पद वाटला. "तेहतीस वर्षांत एक व्हॉल्व्ह उघडा राहिलेला नाही. रात्री बंद, पहाटे पाचला सोडायचे. निवृत्त झालो म्हणून शिस्त सोडलेली नाही."

"किती बंद केलेत?"

"सतरा. घरातले चौदा, शेडमधले तीन."

ताईने ट्रे खाली ठेवला. "शेडमध्ये नळ एकच आहे, आणि तो तुम्ही चौदात धरता."

 तपासनीसांनी पेन तसंच हातात धरलं होतं. "शेडमधले तीन कसे बंद करता, जरा दाखवता?"

"त्यात काय दाखवायचं," दाजी म्हणाले आणि ऐटीत बोटीपाशी गेले. त्यांनी पहिल्या व्हॉल्व्हचं टोपण काढलं. आत बोंडासारखं बटण वर उभं होतं. "हे असं वर राहिलं म्हणजे व्हॉल्व्ह उघडा. कुठलाही व्हॉल्व्ह खाली बसवला की बंद होतो. दाबायचं, पाव फेरा द्यायचा आणि—"

फुस्स.

राहिलेली हवा दाजींच्या तोंडावर आली आणि कपाळावरचे चार केस उभे राहिले. बोटीचा डावा कप्पा निवांत खाली बसला.

"रबरी बोटीत उलटं असतं, साहेब," तपासनीस शांतपणे म्हणाले. "बटण वर म्हणजे बंद, खाली म्हणजे उघडं. वरून टोपण लावत होतात म्हणून रात्रभरात हळूहळू जात होती. आणि पहाटे तुम्ही सोडत होतात, म्हणजे बंद करत होतात. मग दिवसा काय सापडणार?"

लाँचवाल्याने तोंडावर रुमाल धरला. दाजींनी मेहुण्याकडून नोंदवही घेतली, पुरुष, वय साठीच्या पुढे, खादाड, हे सगळं एकदा वाचलं आणि वही मिटली. मग ते स्टुलावर जाऊन बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"मुद्दाम नाही केलं हो," ते म्हणाले. "हात आपोआप जातात. निवृत्तीचा कागद मला मिळाला, हातांना कुणी दिलाच नाही."

तीन आठवडे मेहुणा या क्षणी काय काय बोलायचं ते पाठ करत होता. त्यातलं एकही वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. "दाजी," तो म्हणाला, "यापुढे संध्याकाळी बोट बंद करायचं काम तुमचंच. फक्त मी सांगतो तसं." केस संपली की नाही ते ठरलं नव्हतं, पण दाजींनी या वेळी 'साहेब म्हणा' म्हटलं नाही.

तपासनीसांनी पेनाला टोपण लावलं. "जुना परवाना महिनाअखेरपर्यंत आहे. आज फेरी करा, संध्याकाळी पुन्हा मोजू."

मेहुण्याने इतक्या जोरात पंप मारला की लाँचवाला मदतीला आला आणि वारा लागून मागे सरला. बोट पाण्यात गेली. बाई बसल्या, त्यांनी जॅकेटचा पट्टा आवळला आणि काठावर येऊन उभ्या राहिलेल्या दाजींकडे वळून पाहिलं.

"पलीकडच्या दवाखान्यात एक नळ महिनाभर ठिबकतोय. कुणाच्या हाताने थांबत नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी आमच्याबरोबर याल का, दाजी?"

इंजिनाची दोरी ओढायला गेलेला मेहुण्याचा हात हवेतच राहिला. ताई कप गोळा करता करता थांबली. लाँचवाल्याने रुमाल खिशात घातला. एवढंच काय, तपासनीससुद्धा गालातल्या गालात हसले.

घारीची नजर आणि सशाचे कान असलेल्या दाजींनी फक्त नळाचं ऐकलं. मांड्यांखालून सुटलेले हात चोळत त्यांनी विचारलं, "किती इंची?"

गुरुवारी सकाळी काटा लावला तेव्हा हवा थंडीने उतरते तेवढीच उतरली होती, आणि परवाना मिळाला. दाजींच्या नोंदवहीत मात्र एक नवी केस उघडली आहे. त्या बुधवारी वीस मिनिटांच्या वाटेला पंचावन्न मिनिटं लागली, ती का? इंजिन ठीक होतं, हवा भरपूर होती, पेट्रोलही पुरेसं होतं. सहाय्यक विचारल्यावर नुसता हसतो. सध्या दाजींचा संशय वाऱ्याच्या दिशेवर आहे.