रांधणारीचं तोंड

आमच्या फुलचूरमध्ये कोणाच्या नव्या घराची वास्तुशांती असली, की पाहुणे आधी हॉल बघतात आणि मग गच्ची. पटलेकाका चपला काढतात ते थेट स्वयंपाकघरात शिरतात. ओट्यासमोर उभे राहतात, गॅसकडे तोंड करतात, मग मागे वळून दाराकडे बघतात आणि यजमानाला विचारतात, "रांधनारीचं तोंड कोनीकडं हाय?"

हल्ली सगळ्यांचेच ओटे भिंतीला लागून, त्यामुळे उत्तर ठरलेलं. काका मान हलवतात, "बरं नाई झालं" म्हणतात आणि पंगतीत जाऊन निवांत जेवतात. यजमानाचा घास मात्र घशाखाली उतरत नाही.

यावरून काकांना वास्तुशास्त्र येतं असा बोभाटा झाला. मुर्रीच्या एका गृहस्थाने तर नवाकोरा ग्रॅनाइटचा ओटा फोडून पूर्वेला बांधला आणि काकांना मुद्दाम बोलावून दाखवला. काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अगा, पूर्वेलेबी भिंतच हाय ना." त्या गृहस्थाने पुढे काकांना मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा दिली नाही.

काका माझे शेजारी. त्यांची धानाची शेती आता मुलगा दिनेश बघतो, वर गोंदियात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. काकांना वेळच वेळ, आणि तो घालवायला माझा व्हरांडा. मी शाळेतून येऊन टेकलो न टेकलो की ते हजर. विषय एकच.

"मास्तर, हे समदं पोळीनं केलं."

त्यांचा सिद्धांत असा. घरात दोन्ही वेळ भात होता तोवर चूल जमिनीवर होती. बाई चुलीपाशी बसायची, समोर माणसं बसायची. सकाळची पेजही तिथेच प्यायची. मग डॉक्टरांनी काकांची साखर बघून भात तोडला आणि पोळी सांगितली. "भात बसल्या बसल्या होते. चढवला का आपला शिजून राहते. पोळीले ओटा लागते. ओट्यानं बाईले उभं केलं आन् भिंतीकडं तोंड करून देलं."

पोळी बसूनही लाटता येते, असं मी एकदा सुचवून पाहिलं. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

काकांच्या घरी पोळीपायी ओटा केव्हाच आला होता; मागच्या वर्षी दिनेशने जुनं रांधणघरच पाडून मॉड्युलर किचन केलं. जिथे धान साठवायची ढोली होती तिथे फ्रिज आला. ओव्हनला कप्पा, सुनेच्या ओट्सला कप्पा, ग्रीन टीला वेगळा कोपरा. ज्याला जे हवं ते जो तो आपापल्या वेळेला करून घेतो. काकांच्या पोळ्या तेवढ्या काकी स्वतः करतात, त्यात त्या कोणाला हात लावू देत नाहीत. काकी कमी बोलणाऱ्या. जरा तोऱ्यातल्या आहेत, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या. हाक मारली तर मान वळवत नाहीत.

एके दिवशी दिनेश तणतणत माझ्याकडे आला. "सर, बाबाले समजवा. बजारातून इंडक्शन शेगडी आनली आन् डायनिंग टेबलावर मांडली. पोळपाटबी तिथंच. पाहुने हसून राहिले. मी एवढं किचन कायले केलं?" त्याने ती शेगडी उचलून माळ्यावर टाकली होती. काका दोन दिवस धड जेवले नव्हते.

मी गेलो. काकी ओट्याशी पाठमोऱ्या पोळ्या लाटत होत्या. काका टेबलाशी ताटावर बसले होते.

"अवो, भाजीत मीठ कमी हाय," काका म्हणाले.

काकी लाटत राहिल्या. काका स्वतःच उठून मीठ घेऊन आले. मी वर्गात बोलतो तसा खणखणीत आवाज काढून म्हणालो, "नमस्कार काकी." मिक्सर बंद होता, टीव्ही बंद होता. काकींनी मागे बघितलं नाही.

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मला अंगणात नेलं.

"कोनाले सांगू नोका. तिले आवडत नाई. कानाले मशीन लावत नाई, लोक बहिरी म्हनतीन म्हनते. तोंड समोर असलं का ओठ पाहून समदं समजते तिले. चुलीपाशी आमी समोरासमोर बसत होतो, कोनाले मालूमच नाई पडलं." मग अंगणातल्या नळाकडे बघत म्हणाले, "आता दिवसभर तिच्या पाठीसंगं बोलून राहिलो, मास्तर."

इतकी वर्षं हा माणूस लोकांच्या घरी जाऊन वेडा ठरत होता आणि बायकोचं गुपित सांभाळत होता. (कोणाला सांगू नका म्हटलेलं मी छापतो आहे खरं, पण पटले आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. चालून जाईल.)

दिनेशला काय सांगायचं? शेवटी त्याला बाजूला घेतलं आणि चेहरा शक्य तितका गंभीर करून म्हणालो, "हे बघ, वास्तूचा प्रश्न आहे. रांधणारीचं तोंड जेवणाऱ्याकडे नसलं, तर घराची बरकत जाते." बापाचं कधी न ऐकणाऱ्या दिनेशने त्याच संध्याकाळी शिडी लावून शेगडी खाली उतरवली. आता तो गिऱ्हाइकांनाही तेच सांगतो, असं ऐकतो.

परवा सकाळी पेपर मागायला गेलो. टेबलाच्या एका बाजूला काकी पोळी शेकत होत्या, समोर काका. भात तोडलेल्या माणसाच्या ताटात चमचाभर भातही दिसला, पण मी बोललो नाही. काका काकींकडे बघून काहीतरी म्हणाले. मी शेजारच्याच खुर्चीत होतो, पण मला काही ऐकू आलं नाही. त्यांनी आवाज काढलाच नव्हता, नुसते ओठ हलवले होते.

काकींनी उलथणं खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "चूप बसा. मास्तर बसले हायेत ना."