शेवटच्या नळाचं पाणी

आमच्या शाळेत संविधान दिनाचं भाषण दरवर्षी जोगदंड सर करतात. यंदा त्यांना नेमकं त्याच दिवशी निवडणुकीचं ट्रेनिंग लागलं. हेडमास्तरांनी स्टाफरूमभर नजर फिरवली आणि शेवटी ती माझ्यावर, म्हणजे शाळेच्या क्लार्कवर, आणून ठेवली. मी हो म्हणालो. मी फक्त एवढंच केलं, पुढचं सगळं आपोआप घडत गेलं. (असं मी बायकोला सांगतो. तिला ते पटत नाही.)

भाषण मी पंचवीस मिनिटं केलं. हक्क सगळ्यांना तोंडपाठ असतात, कर्तव्यं विचारली की माणूस घड्याळ बघतो, असं म्हणालो. जे सगळ्यांचं आहे ते कुणी एकट्याचं समजू नये, हे वाक्य मला बोलता बोलता सुचलं आणि इतकं आवडलं की मी ते तीनदा म्हटलं. शाळेचा भोंगा गच्चीवर आहे. त्यामुळे जुन्या जालन्यातल्या निम्म्या गल्ल्यांना ते तीनदा ऐकावं लागलं.

आमची गल्ली सात घरांची. पाणी आठव्या-दहाव्या दिवशी येतं, तेही तासाभराकरता. पहिल्या सहा घरांनी नळालाच विजेच्या मोटरी लावल्या आहेत. हे नियमात बसत नाही, हे सहाही घरांना ठाऊक आहे. माझं घर पाचवं, भागवतरावांचं सहावं आणि सातवं गिरिजाबाईंचं. त्यांच्याकडे मोटर नाही. सहा मोटरी पाणी ओढून घेतात आणि सातव्या नळातून नुसती हवा सुटते. गिरिजाबाई सत्तरीच्या, एकट्या. पाण्याच्या दिवशी त्या नळ धुतात, खाली हंडा ठेवतात, तासभर उंबऱ्यावर बसतात आणि मग तोच रिकामा हंडा घेऊन आमच्याकडे येतात. दोन वर्षं हे असंच चाललं होतं आणि दोन हंडे पाणी देताना मला आपण फार चांगले आहोत असं वाटायचं.

भाषणाच्या संध्याकाळीही पाणी आलं होतं. त्या आल्या.

"भोंग्यावर ऐकलं रे राजानंद. चांगलं बोलून राह्यल्ता. दोन हांडे दे."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. त्या साध्या बोलल्या म्हणून मला रात्रभर लाज वाटली, आणि सकाळी पाना घेऊन मी आमची मोटर काढून माळ्यावर टाकली. बेबीनंदाने, माझ्या बायकोने, हे शांतपणे पाहिलं. ती शांत असते तेव्हा मला जास्त भीती वाटते.

नवव्या दिवशी पाणी आलं. आमच्या नळाला करंगळीएवढी धार लागली आणि तीही मध्येच थांबली. गिरिजाबाईंचा नळ होता तसाच कोरडा. मी सोडलेलं पाणी भागवतरावांच्या मोटरीने ओढून घेतलं होतं. त्या दिवशी त्यांची टाकी पहिल्यांदाच भरून वाहिली, आणि त्यांनी आपली स्कूटर धुतली.

"तुम्ही देशाची सेवा केली," बेबीनंदा म्हणाली, "अन् स्कूटर भागवतरावाची चमकली."

पुढचे नऊ दिवस आम्ही जारच्या पाण्यावर काढले. एकच शर्ट मी तीन दिवस ऑफिसला घातला. चौथ्या दिवशी मोटर माळ्यावरून उतरवून परत नळाला जोडली. अडीअडचणीला असावी म्हणून. (हे वाक्यही मला आपोआप सुचलं.)

पण गिरिजाबाईंचा हंडा डोळ्यांसमोरून जाईना. एकट्याने सोडून भागत नाही, सगळ्यांनी मिळून सोडायला पाहिजे, हे मला कळलं होतं. मग मी घरोघर फिरलो. पाणी आलं की पहिला अर्धा तास कुणीच मोटर लावायची नाही, म्हाताऱ्या बाईचा ड्रम भरू द्यायचा, मग ज्याने त्याने आपलं बघावं, एवढीच मागणी होती. सगळे हो म्हणाले, फक्त प्रत्येकाला शेजाऱ्याचा भरवसा नव्हता. भागवतराव तेवढे काहीच बोलले नाहीत. त्यांनी मान हलवली, आणि ती होकाराची की नकाराची हे मला नीट कळलं नाही.

रविवारी चार वाजता पाणी येणार होतं. दोनलाच लाईट गेली होती. सगळी गल्ली गिरिजाबाईंच्या दारात जमली. त्यांनी नळ धुतला, ड्रम लावला. चार वाजले. नळ आधी खोकला, मग फुसफुसला आणि मग त्यातून खरोखरचं पाणी आलं. मनगटाएवढी धार. गिरिजाबाईंनी धारेखाली हात धरला आणि बराच वेळ काढलाच नाही. मलाही भरून आलं, आणि भरून आलं की मला बोलावंसं वाटतं. मी पायरीवर चढलो. आज या गल्लीने दाखवून दिलं, अशी सुरुवात केली.

तेवढ्यात लाईट आली. समोरच्या घरातला टीव्ही सुरू झाला. आणि नळाची धार बारीक होत होत दोऱ्याएवढी झाली आणि तुटली.

कुठेतरी मोटर चालू होती.

मी इतका संतापलो की माझा मलाच आवाज ओळखू येईना. एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडचं पाणी पळवणारा माणूस या गल्लीत राहतो याची मला शरम वाटते, असं मी म्हणालो आणि सरळ भागवतरावांच्या घरात शिरलो. मागे सगळी गल्ली. त्यांची मोटर बंद होती. नुसती बंद नव्हे, तिची वायर काढून, गुंडाळून खुंटीला टांगलेली होती.

"उगं विसरून बटण दाबल्या जाईल म्हणून काढून ठेवली," भागवतराव म्हणाले.

बेबीनंदा माझ्याजवळ आली. फार हळू बोलली.

"आवाज आपल्या घरातून येऊन राह्यलाय."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, जी मी इतका वेळ टाळली. घरातून सगळ्यांत शेवटी मी निघालो होतो. कुलूप हातात घेतलं आणि भागवतरावांची ती मान आठवली. तो काही मोटर बंद ठेवायचा नाही, मग आपणच का कोरडं राहावं, असं वाटलं आणि माझा हात बटणाकडे गेला. बटण दाबलं, पण लाईट नसल्यामुळे काही झालं नाही. मला स्वतःची लाज वाटली आणि ती झटकण्यासाठी मी इतक्या घाईने बाहेर पडलो की बटण बंद करायचं राहून गेलं. सहा घरांपैकी पाच घरांनी शब्द पाळला होता. भाषण केलेलं घर तेवढं सुटलं.

मी धावत जाऊन मोटर बंद केली, पण त्या दिवशी पाणी तासभरही टिकलं नाही, तोवर वरूनच गेलं होतं. गिरिजाबाईंचा ड्रम जेमतेम पाव भरला होता. आमची गच्चीवरची टाकी मात्र काठोकाठ. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी हंडा उचलला, टाकीच्या नळाखाली भरला आणि खांद्यावर घेऊन गिरिजाबाईंच्या दाराशी गेलो. ड्रममध्ये ओतला, परत आलो, परत भरला. तिसऱ्या खेपेला भागवतराव दुसरा हंडा घेऊन मदतीला उठले, तर बेबीनंदाने त्यांना खाली बसवलं आणि ते मलाच आणू द्या म्हणून सांगितलं. सगळी गल्ली ओट्यांवर बसून बघत होती. दर खेपेला, चूक माझी झाली, पण हेतू वाईट नव्हता, असं काहीतरी मी बोलतच होतो. दहाव्या हंड्याला ड्रम भरला.

गिरिजाबाईंनी ड्रमवर झाकण ठेवलं, त्यावर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या बायकांना म्हणाल्या, "सगळ्यांकडं मोटर व्हती, माझ्याकडंच नव्हती. आता माझी बी झाली. पाणी बराबर दारात आणून टाकती. फक्त आवाज लई करती."