शेळीचा अध्याय

कपाटात एकतीस पुस्तकं होती. त्यातल्या दोन पुस्तकांची शेवटची पानं नव्हती आणि एकाच्या मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. पहिली-दुसरीची मुलं बावीस. चित्राकडं न बघता एक सबंध वाक्य वाचू शकणारी चार. ही नोंद मी पहिल्याच दिवशी केली. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. प्रयोग सुरू करण्याआधी बीकरमध्ये काय आहे ते बघावं, एवढं तरी मला शिकवलेलं आहे.

अणदूरच्या पुढं एका वस्तीवरची ही शाळा. मी तिथं सहा महिन्यांसाठी शिकवायला आले होते. पुस्तकं एका संस्थेनं उसनी दिलेली. डिसेंबरअखेर संस्थेचे हिंमतराव साहेब येणार आणि प्रत्येक मुलापुढं कधी न पाहिलेलं पान ठेवणार. बारा मुलांनी ते वाचलं, तर पुस्तकं कायमची आपली. नाहीतर पेटी उचलून दुसऱ्या शाळेत. आमचे मुख्याध्यापक पंचाक्षरी सर शांत स्वभावाचे. ते म्हणाले, "मॅडम, कपाटाला कुलूप लावून ठेवा. परत करताना पुस्तकं तरी नवी दिसतील."

मी मनातल्या मनात हसले. कारण माझ्याकडं वाचनाचा तक्ता होता! तारीख, घरी नेलेलं पुस्तक, किती मिनिटं वाचलं, आणि शेवटी ऐकणाऱ्याची सही नाहीतर अंगठा. प्रगतीचा आलेख कसा वर चढत जाणार, ती रेघही मी आधीच पेन्सिलीनं काढून ठेवली होती. फक्त ठिपके भरायचे बाकी होते.

पालकसभेला घरोघरच्या बाया आल्या. सगळ्यांत पुढं दगडाबाई, म्हणजे दुसरीतल्या शिवांजलीची आजी. वस्तीवरचा सप्ताह दरवर्षी ह्याच बसवतात, त्यामुळं त्यांच्यापुढं सरपंचही हळू बोलतात. मी नियम सांगितले. रोज ठरलेल्या वेळी वाचायचं, मोठ्यानं वाचायचं, खाडा करायचा नाही, आणि घरातल्या कुणीतरी शेवटपर्यंत बसून ऐकायचं.

"मधीच कुणी उठलं तर?" दगडाबाईंनी विचारलं.

"उठायचं नाही."

"आन् बोललं तर?"

"बोलायचंही नाही, आजी. मुलांचं लक्ष जातं."

दगडाबाईंनी मागं वळून सगळ्यांकडं पाहिलं. "कळलं का गं? नेम हाय."

सगळ्या माना एकदम हलल्या. शास्त्रीय पद्धत इतक्या झटपट समजून घेणारे पालक मी कधी पाहिले नव्हते. त्याआधी मी कुठलेच पालक पाहिले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

पहिल्या आठवड्यात एकही खाडा नाही! कॉलेजात आमचे ठिपके इतके सरळ रेषेत यायचे, ते फक्त शेजारच्या वहीतून उतरवल्यावर. सरांनी चष्मा पुसून दोनदा तक्ते पाहिले. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की तक्ते शाळेत येतात, पुस्तकं येत नाहीत. शिवांजलीच्या तक्त्यावर तर पहिल्या दिवसापासून एकच नाव होतं, 'शेळी आणि धोतर'. मी विचारलं, पुस्तक बदलून का नेत नाहीस?

"देवाऱ्यात हाय," ती म्हणाली. "आजी म्हणती, नेमाचं पुस्तक मधी बदलत नसतेत."

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. पाटावर लाल कापड, कापडावर 'शेळी आणि धोतर', शेळीच्या कपाळाला कुंकू. समोर न्हाऊनमाखून, पूर्वेला तोंड करून शिवांजली. भोवती शेजारच्या सात बाया हात जोडून. शेळी पाटलाच्या अंगणात शिरली, तिनं दोरीवरचं धोतर ओढलं, काठासकट खाल्लं, आणि त्या प्रसंगाला दोघींनी डोळ्यांना पदर लावला. मी तोंड उघडलं, तशी दगडाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. नियम माझाच होता. मी खाली बसले.

आणि तेवढ्यात शिवांजलीनं दोन पानं एकदम उलटली. गोष्ट मात्र एका शब्दानंही हुकली नाही!

पोरगी वाचत नव्हती, तोंडपाठ म्हणत होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तपासलं. घरातल्या कुणा शिकलेल्यानं पहिल्या दिवशी वाचून दाखवायचं, पुढं रोज तेच म्हणायचं. वस्तीनं माझ्या तक्त्याचं पारायण करून टाकलं होतं. सही करणाऱ्यांनी मात्र एका अक्षराची लबाडी केली नव्हती. सगळ्यांनी खरोखर रोज, न उठता, शेवटपर्यंत ऐकलं होतं.

मी दगडाबाईंना पुस्तक मागितलं. त्यांनी एकवीस दिवसांचा हिशेब सांगितला, त्यानंतर उद्यापन, त्यानंतर पुस्तक. नेम मधीच सोडला तर पोरीला बाधेल, असंही म्हणाल्या. रसायनशास्त्रात ह्यावर उपाय नाही. मग मी विचार न करता बोलून गेले.

"आजी, सप्ताहात तुम्ही रोज एकच अध्याय वाचता का?"

"न्हाय. रोज म्होरला."

"मग आमचं कपाट ही पोथी आहे. शेळी हा फक्त पहिला अध्याय."

त्यांनी देव्हाऱ्याकडं पाहिलं. "अध्याय किती?"

"एकतीस."

"आन् म्या इतके दिस पैल्यावरच बसले व्हय?" त्या अशा रागावल्या, जणू मीच त्यांना बसवलं होतं.

मी विजयी होऊन घरी आले. विजय सकाळपर्यंत टिकला. प्रार्थनेच्या आधी बावीस घरांतल्या बाया दारात, आणि सगळ्यांना दुसरा अध्याय पाहिजे! पाचवा चालणार नाही, नववा चालणार नाही. दुसऱ्या अध्यायाची प्रत एकच, आणि ती तिघींच्या हातात तीन बाजूंनी ताणलेली. पंचाक्षरी सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी कुलपाकडं पाहिलं.

तोड दगडाबाईंनीच काढली. मारुतीच्या मंडपात संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसायचं, सप्ताहाचा स्पीकर लावायचा, रोज एक अध्याय. मुलांनी पान पान वाचायचं, कुणाला कुठलं ते आयत्या वेळी ठरणार. ज्या पुस्तकांची शेवटची पानं नव्हती, ती अर्धवट मिटणं दगडाबाईंना मंजूर नव्हतं. शेवट मुलांकडून रचून घेतले आणि मला लिहायला लावले. दूध गोळा करणारा गडी एकदा सहज डोकावला आणि अध्याय संपेपर्यंत उठता न आल्यानं कॅनसकट अडकला. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून वेळेवर आला, लांडग्याचं पुढं काय झालं ते ऐकायला. अंगठे इतके वाढले, की तक्त्याला मी तीनदा कागद जोडला.

दुपारच्या सुट्टीत मी वर्गात डोकावले, तर खिचडीची ताटं बाजूला आणि बावीस डोकी संध्याकाळच्या पुस्तकावर. अडखळलं तर स्पीकरवरून अख्ख्या वस्तीला ऐकू जातं! मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. ती एकमेकांची बोटं धरून अक्षरांवर फिरवत होती. मी आवाज न करता मागं फिरले.

हिंमतराव साहेब आले ते घाईत. त्यांना पुढं अजून दोन शाळा होत्या. मागं भिंतीला टेकून दगडाबाई आणि त्यांची मंडळी. साहेबांनी पहिल्या मुलापुढं पान धरलं. मुलानं पान घेतलं नाही.

"साहेब, बूट."

साहेबांनी बूट काढले. मग फोन बंद केला. मग मांडी घालून सतरंजीवर बसले. पान संपलं की तक्ता पुढं, आणि सही. सहाव्या मुलानंतर त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण मागून घसा खाकरल्याचा आवाज आला आणि ते परत बसले. एकवीस मुलं झाली. वाचलेली अकरा. उरली एकटी शिवांजली.

माझा आलेख पिशवीत होता. तो बाहेर काढायचं धाडस मला झालं नाही.

"बोट समुद्रातून चालली होती," तिनं सुरू केलं. "लांब अंधारात एक..." आणि थांबली. दगडाबाईंचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. साहेबांना राहवेना, त्यांनी सांगायला तोंड उघडलं. दगडाबाईंनी नुसतं बघितलं, आणि ते मिटलं.

"दी," शिवांजली म्हणाली. बोट पुढं सरकलं. "प." मग बोट तिसऱ्या अक्षरावर अडलं. "गृ... ह. दीपगृह." तिनं मान वर केली. "म्हंजी काय?"

नेम मोडून सांगणार कोण? पान संपायचं होतं. तिनं खाली बघून वाचायला घेतलं. तीन ओळींनंतर पानानंच सांगितलं, की त्याचा दिवा बोटींना वाट दाखवतो. "आं, असं व्हय," ती स्वतःशीच म्हणाली आणि उरलेलं पान वाचून काढलं.

साहेबांनी बाविसावी सही केली.

न पाहिलेलं पान वाचलेली मुलं: बावीसपैकी बारा.