शेजारच्या दालनात गेलेलं पाऊल

तोल सांभाळायला मला कुणी शिकवावं, हे मला मान्यच नव्हतं. तीस वर्षं शिडीवर उभा राहून लोकांच्या भिंती रंगवतोय, एकदाही पडलो नाही. पण गुडघे कुरकुरायला लागले आणि बायकोने परस्पर ताई-चीच्या, म्हणजे त्या संथ चिनी व्यायामाच्या, वर्गात आम्हा दोघांची नावं घातली.

शिकवणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका. "सगळा भार मागच्या पायावर," त्या म्हणाल्या, "पुढचा पाय रिकामा. आधी टाच, मग तळवा, मग हळूच भार पुढे. घाई कसलीय?"

दोन रविवार माझा पाय काही रिकामा होईना. बायकोचा पहिल्याच दिवशी झाला, ते सोडा. तिसऱ्या रविवारी मात्र जमलं. डोळे अर्धवट मिटलेले, दोन्ही हातांत जणू ढगाचा गोळा. टाच, तळवा, भार. फरशी दुलईसारखी मऊ लागत होती. बाई 'वळा' कधी म्हणाल्या ते कानावरच आलं नाही. सगळे डावीकडे वळले आणि मी सरळ, तरंगत, उघड्या दारातून शेजारच्या दालनात.

तिथे शोकसभा चालली होती.

हे कळलं तेव्हा मी खुर्च्यांच्या दोन रांगांच्या मधोमध होतो, एक पाय हवेत. माझी संथ पावलं पाहून बोलणारे गृहस्थ थांबले. लोक उभे राहिले.

"किती खचलाय बिचारा," कुणीतरी कुजबुजलं.

आता मागे फिरणार कसा? त्याच चालीने फोटोपर्यंत गेलो. पहिल्या रांगेतल्या काकूंनी, म्हणजे गेलेल्यांच्या पत्नीने, माझा हात धरला.

"तुम्ही त्यांचे कोण?"

खोटं बोलवेना. "कुणी नाही हो. मी शेजारच्या वर्गातला. वळायचं राहिलं."

मग काकू हसल्या. आधी पदराआड, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"दहा दिवसांनी हसले," त्या म्हणाल्या. "ते गेल्यापासून मला जिना उतरायची भीती वाटते. हात धरायला कुणी नाही ना. हे तुमचं पाऊल मला वर्गात शिकवतील का?"

काकू आता दर रविवारी येतात. बाईंनी त्यांना पुढच्या रांगेत उभं केलंय आणि मला त्यांच्या मागे, बघून शिकायला. परवा वर्ग सुटल्यावर काकू आणि मी जिना उतरत होतो; एकाचा पाय सटकला आणि दुसऱ्याने त्याचा दंड पकडला. दंड माझा होता.