पांढरी शेवंती

चष्म्याच्या दुकानाचे मालक आणि त्यांची बायको यांच्यात गेले काही दिवस बोलणं बंद होतं. म्हणजे बायको बोलत होती, पण कपाटाशी. "कुणाला चहा हवा असेल तर ओट्यावर झाकून ठेवलाय," असं ती कपाटाला सांगायची, आणि चष्मेवाले निमूटपणे जाऊन गार चहा प्यायचे.

चूक त्यांचीच होती. बायको शाळेत गाणं शिकवायची. सगळं गाव तिला 'बाई' म्हणायचं. मित्राकडे चार लोक जमले होते, बाईंनी आग्रहाखातर एक गाणं म्हटलं, आणि ते संपताच चष्मेवाले म्हणाले, "हिने वरचा सूर लावला की मला दुकानातल्या काचांची काळजी वाटते." लोक पोट धरून हसले. बाईही हसल्या. घरी येऊन मात्र त्यांनी थेट कपाटाशी संधान बांधलं.

शेवटी चष्मेवाल्यांनी बाजाराच्या टोकाला असलेलं फुलांचं दुकान गाठलं. ते एका मावशींचं होतं. त्या गुच्छ बांधायच्या आणि त्यांचे सासरे ते सायकलवरून घरोघरी पोचवायचे.

"पांढरी शेवंती द्या. भरगच्च. दुपारी घरी पोचली पाहिजे."

"सोबत काय लिहू?" मावशींनी विचारलं.

"काही नको. तिला न सांगता कळायला हवं."

"अहो, नाव तरी?"

"मावशी, दुसरं कोण पाठवणार आहे तिला?" चष्मेवाले म्हणाले आणि हलक्या पावलांनी दुकानाकडे वळले.

दुपारी मावशींचे सासरे, म्हणजे आजोबा, फुलं घेऊन पोचले तेव्हा दाराला कुलूप होतं. बाईंची शाळा सुटायला अवकाश होता. आजोबांनी शेजारचं दार वाजवलं. तिथे शिवणकाम करणाऱ्या वहिनी राहायच्या. त्यांच्या तोंडात टाचण्या, गळ्यात टेप आणि मशीनवर कुणाचा तरी अर्धा झगा होता.

"शेजारच्या बाईंची फुलं आहेत. आल्या की द्या," आजोबा म्हणाले. वहिनींनी टाचण्यांमधून "हं" केलं. फुलं कोमेजू नयेत म्हणून त्यांनी ती पाण्याच्या तांब्यात घालून खिडकीत ठेवली आणि पुन्हा मशीनवर बसल्या. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

पण त्या दिवशी वहिनींचे यजमान लवकर घरी आले. ते बसस्थानकावर कंट्रोलर होते. गाड्यांच्या घोषणा करून करून त्यांचा आवाज असा झाला होता की घरात मीठ मागितलं तरी ते तिसऱ्या घरी ऐकू जायचं.

"ही फुलं कुणाची?" त्यांनी घोषणा केली.

वहिनी टाचण्या काढून खरं ते सांगणारच होत्या. तेवढ्यात कंट्रोलर गडगडाट करून हसले. "तुझी तर नसणार. तुला कोण फुलं पाठवतंय!"

वहिनींनी टाचण्या एकेक करून डबीत ठेवल्या. सावकाश. मग म्हणाल्या, "का? मला कुणी पाठवू नयेत असं काय आहे माझ्यात?"

"म्हणजे? तुला आली आहेत?"

"घरात कोण असतं दिवसभर? मीच ना?"

"पाठवली कुणी?"

"ज्याला सुचलं त्याने," वहिनी म्हणाल्या आणि मशीनचं पायडल दाबलं.

यात एकही शब्द खोटा नव्हता. जेवताना कंट्रोलरसाहेबांनी मात्र आधी फुलांकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं की हिच्या डाव्या गालावर तीळ आहे.

सकाळी कामावर जायच्या आधी ते मावशींच्या दुकानात धडकले.

"काल आमच्याकडे फुलं कुणी पाठवली?"

"तुमच्याकडे?" मावशी बुचकळ्यात पडल्या. "तुमच्या घरी आमच्याकडून काहीच गेलं नाही हो."

"नक्की?"

"अहो, गावात फुलं पोचवणारे आम्हीच. गेली असती तर मला ठाऊक नसतं?"

मावशी खरंच बोलत होत्या, आणि त्यामुळेच घोळ वाढला. कंट्रोलरांच्या कपाळावर घाम आला. दुकानातून गेली नाहीत, म्हणजे तो प्राणी फुलं घेऊन स्वतः घरी आला होता! दिवसाढवळ्या! आणि आपण तेव्हा दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडत बसलो होतो!

"सगळ्यात मोठा गुच्छ कोणता?" ते गरजले.

"हा गुलाबांचा. पण तो समारंभाला..."

"आत्ताच्या आत्ता आमच्या घरी! आणि वर माझं नाव टाका. ठळक!"

वहिनींच्या घरी गुलाब आले आणि वहिनींची पंचाईत झाली. शेवंती बाईंना परत करायची त्यांची पूर्ण इच्छा होती. पण ती खिडकीतून हलली की नवरा विचारणार, कुठे गेली? खरं सांगावं तर गुलाब बंद. शिवाय कंट्रोलरांनी सकाळी आपली चहाची बशी स्वतः विसळून ठेवली होती. इतक्या नाजूक वळणावर खरं बोलणं वहिनींना जिवावर आलं. 'उद्या देऊ,' असं म्हणून त्यांनी शेवंतीचं पाणी बदललं.

समोरच्या घरात निवृत्त हेडमास्तर राहायचे. त्यांच्या बायकोने खिडकीतून दोन्ही गुच्छ पाहिले आणि त्या पदर खोचून विचारायला आल्या.

"काय गं, आज काय विशेष?"

"काही नाही काकू, ह्यांनी पाठवली."

"आणि ती पांढरी?"

वहिनी क्षणभर अडखळल्या. "तीही... ह्यांचीच म्हणायची."

काकू तडक घरी गेल्या आणि हेडमास्तरांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली केलं. "तो कंट्रोलर लागोपाठ दोन दिवस बायकोला फुलं पाठवतोय. तुम्ही मला आयुष्यात काय दिलंत? शुद्धलेखनाच्या चुका काढून!"

"'आयुष्यात' नव्हे, 'आयुष्यभरात' म्हणावं," हेडमास्तर सवयीने बोलून गेले आणि काकूंचा चेहरा पाहून लगेच चपला शोधू लागले.

संध्याकाळपर्यंत काकूंच्या खिडकीत निशिगंध आला. तो पाहून वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी नवऱ्याला फोन केला आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "आपली खिडकी तेवढी रिकामी दिसते." गल्लीत फुलांची साथच आली. आजोबांच्या सायकलची साखळी दोनदा उतरली.

इकडे चष्मेवाले बायकोच्या पहिल्या शब्दाची वाट पाहत होते. फुलं घरात कुठे दिसत नव्हती. थेट विचारायचं कसं? त्यांनी आडून प्रयत्न केला.

"घरात कसला तरी मंद वास येतोय, नाही?"

बाई कपाटाला म्हणाल्या, "कुणाला वास येत असेल तर कचऱ्याची बादली बाहेर ठेवावी."

चष्मेवाल्यांच्या काळजाचं पाणी झालं. फेकून दिली! एवढी भरगच्च शेवंती सरळ कचऱ्यात! ते बादली उचलून बाहेर गेले आणि आत डोकावून पाहिलं. सालं होती. म्हणजे कालच्याच बादलीत गेली.

बाईंची कथा निराळीच होती. शाळेतून येताना त्यांना प्रत्येक खिडकीत फुलं दिसत होती. वहिनींच्या खिडकीत तर शेवंती आणि गुलाब शेजारी शेजारी. शेवंती म्हणजे बाईंचा जीव की प्राण. त्या दोन मिनिटं तिथेच रेंगाळल्या. खिडकीतून बघणाऱ्या वहिनी चटकन पडद्याआड का झाल्या, हे मात्र त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू मुद्दाम म्हणाल्या, "काय बाई, तुमच्याकडे अजून काही आलं नाही वाटतं?"

बस्स. नवरा बोलला नाही तरी चालेल, पण काकूंची कीव चालणार नव्हती. बाई शाळेतून परस्पर फुलांच्या दुकानात गेल्या. मावशी नवा माल आणायला गेल्या होत्या आणि गल्ल्यावर आजोबा होते. आजोबा कुलूप पाहून परतले होते, त्यामुळे बाईंना ते ओळखत नव्हते.

"पांढरी शेवंती आहे?"

"संपली. गल्लीत कसली लाट आलीये देव जाणे. लाल जरबेरा तेवढा उरलाय."

बाईंना लाल जरबेरा पाहिला की प्लास्टिकच्या पंख्याची आठवण व्हायची. "द्या तोच," त्या म्हणाल्या.

"कुणाकडे पोचवू?"

"नको, मीच नेते. मैत्रिणीला द्यायचा आहे." आजोबांच्या नजरेला नजर न देता बाई बाहेर पडल्या, काकूंच्या खिडकीखालून गुच्छ उंच धरून चालत गेल्या आणि घरी येऊन तो फुलदाणीत खोचला.

संध्याकाळी चष्मेवाले आले. फुलदाणीकडे पाहून दारातच थबकले. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे फेकली नाहीस तू!"

बाईंनी चमकून पाहिलं. काय माणूस आहे! दुसऱ्याच्या फुलांवर हक्क सांगतोय, तोही इतक्या सहज! पण 'ही माझी मीच आणली' हे सांगायचं कुठल्या तोंडाने?

चष्मेवाले गुच्छाजवळ गेले. चष्मा वर केला, खाली केला. "पण ही लाल कशी? मी मावशींना पांढरी शेवंती सांगितली होती. परवा! स्पष्ट! आणि दोन दिवसांनी हे असलं काहीतरी? थांब, आत्ता जाऊन जाब विचारतो."

ते चपला घालू लागले. बाईंच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. खोटं बोलणारा माणूस मिळालेल्या श्रेयात खोड काढत नाही. म्हणजे याने खरंच पाठवली होती. परवा. पांढरी शेवंती. आणि परवापासूनच वहिनींच्या खिडकीत... बाईंना तो पडदा आठवला.

चष्मेवाले उंबऱ्यापर्यंत पोचले होते. दुकानात गेले असते तर आजोबांनी 'मैत्रिणीची' सगळी हकिगत सांगितली असती.

"अहो, थांबा!"

चष्मेवाले थांबले. कपाट त्यांच्या मागे नव्हतं. हे त्यांनाच उद्देशून होतं.

"जाऊ नका," बाई म्हणाल्या. "मला लालच आवडली."

"खरंच? पण तुला तर शेवंती..."

"शेवंती काय, सगळ्यांकडेच असते. या, चहा ठेवते. गरम."

चष्मेवाले इतके हरखले की चहा घेताना त्यांनी त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल तीन वेळा माफी मागितली. बाईंनी ती तिन्ही वेळा ऐकून घेतली. एकदाही 'जाऊ दे' म्हटलं नाही.

सकाळी बाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. कुंपणापलीकडे वहिनी आल्या. चेहरा पडलेला.

"बाई, तुमच्याशी जरा बोलायचं होतं. ती खिडकीतली पांढरी फुलं..."

तेवढ्यात मागून कंट्रोलर आले. हातात धुतलेल्या दोन कपबश्या होत्या. वहिनींनी ओठ घट्ट मिटले.

बाईंनी कंट्रोलरांकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "काय हो साहेब, ती पांढरी शेवंती किती सुंदर आहे! कुणी पाठवली?"

कंट्रोलरांच्या चेहऱ्यावरून एक ढग सरकला. माहीत नाही म्हणावं तर शेजारात शोभा. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"कुणी म्हणजे? मीच!" आवाज तिसऱ्या घरापर्यंत गेला. "फुलं निवडायला नजर लागते, बाई. तुमच्या चष्मेवाल्यांना पाठवा एकदा माझ्याकडे, शिकवतो."

वहिनींनी तोंडात पदर कोंबला आणि घाईघाईने आत पळाल्या. आतून काहीतरी सांडल्याचा आणि पाठोपाठ न आवरणाऱ्या हसण्याचा आवाज आला.

"सांगते त्यांना," बाई ओला टॉवेल झटकत म्हणाल्या. "तुमची निवड त्यांना अगदी पसंत पडेल."