हार घातलेला ऑक्सिजन

मूत्रपिंडाला बोलता येत नाही, ही मानवी शरीराची मोठीच प्रशासकीय सोय आहे. छाती धडधडते, पोट गुरगुरते. मूत्रपिंड गप्प असते. साहजिकच टंचाईत पहिली कपात त्याच्या वाट्याला येते.

१९७९ साली भंडारा जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात (नाव देत नाही, दवाखाना संकोची आहे) सानगडीच्या तलावात मासे धरणारा मनिराम हर्नियाच्या ऑपरेशनसाठी टेबलावर निजला. डॉक्टर मधुकररावांनी भूल दिली. भूल उत्तम चढली. इतकी, की मनिरामचा रक्तदाबही निजला. मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त आटले. जे जात होते त्यातही ऑक्सिजन कमी, कारण सिलिंडर संपला होता.

नवा नव्हता असे नाही. तो व्हरांड्यात हार घालून उभा होता. त्याचे उद्घाटन व्हायचे होते आणि पाहुणे वाटेत होते. वस्तू आधीच वापरली तर उद्घाटन कशाचे करायचे, हा प्रश्न कोणताही जबाबदार माणूस टाळू शकत नाही.

मधुकरराव दारातून ओरडले, "सिलिंडर आणा! मूत्रपिंडं जातील त्याची!"

"दोन असतात ना साहेब?" दवाखान्याचे हेडक्लार्क, बडेबाबू भय्याजींनी विचारले. (असतात. दोन्ही गप्प.)

बाकावर बसलेली मनिरामची बायको रेवताबाई उठली. तिने सिलिंडरचा हार काढला आणि भय्याजींच्याच गळ्यात घातला.

"अवो बाई, काय करून राहिल्या? पाहुण्यायले काय सांगू?"

"सांगा, आमच्या मालकाले श्वास पायजे होता. धरा तिकडून!"

सत्कार झालेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. भय्याजींनी धरले.

ऑपरेशन पार पडले, पण लघवी होईना. नळीखालची बाटली कोरडी. मधुकरराव सलाइन सोडत राहिले. रेवताबाई बाटलीवरून नजर हलवीना. दुपार कलली तेव्हा एक थेंब पडला. मग धार लागली.

"आली वो, आली!" ती ओरडली आणि पदरात तोंड घालून रडली.

त्याच क्षणी पाहुण्यांची मोटार फाटकात शिरली होती. आरोळी मोटारीसाठीच असणार, असे समजून त्यांनी विनयाने हात जोडले.

पुढे सगळे रीतसर झाले. जुन्या, रिकाम्या सिलिंडरला हार घालून त्याचे उद्घाटन झाले. तो रिकामा आहे हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. टाळ्या जोरात वाजल्या.

तुम्ही तिथे नव्हता, मान्य. पण परवाच्या कार्यक्रमात तुम्ही टाळ्या नेमक्या कशाला वाजवल्या, तेवढे आठवून पाहा.